वेगाची हौस ट्रॅकवर: आपल्याच बाइकवर, बेताच्या खर्चात पहिला ट्रॅक डे

रविवारी पहाटे पुण्याच्या चांदणी चौकातून ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या बाइक बघितल्या की त्या पोरांना हात करून थांबवावंसं वाटतं. ज्या पैशात तुम्ही तो घुमणारा सायलेन्सर बसवलात, साधारण तेवढ्याच पैशात ट्रॅकवरचा एक अख्खा दिवस मिळतो, एवढंच त्यांना सांगायचं असतं. घाटात वळणापलीकडचं दिसत नाही. कधी वाळू असते, कधी शेण, कधी एसटी अर्धी आपल्या बाजूला आलेली असते, आणि घसरलं की समोर कठड्याचा लोखंडी पत्रा. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. वळणाबाहेर घसरत जायला जागा असते, कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडेवाले उभे असतात, अँब्युलन्स दारात असते. आणि मुख्य म्हणजे तेच वळण दिवसभरात पन्नास-साठ वेळा मिळतं. घाटातलं वळण एकदा गेलं की गेलं. ट्रॅकवर चुकलेलं वळण दीड-दोन मिनिटांत परत समोर येतं, म्हणून माणूस शिकतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. इथे निकाल नसतो, नंबर नसतो. फी भरायची, गाडी तपासून घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत फिरायचं. शर्यतीसाठी एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन लागतं. ट्रॅक डेला सहसा रोजचं ड्रायव्हिंग लायसन चालतं.

आधी कोल्हापूर, मग दक्षिण

आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जवळची आणि स्वस्त शाळा कोल्हापुरात आहे. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या चारचाकी रेसिंग गाड्यांच्या, फेऱ्या झालेल्या आहेत. तुम्ही बाइकवाले असलात तरी तिथे एक दिवस भाड्याच्या कार्टमध्ये बसा, असं मी आग्रहाने सांगतो. बाहेरून आत येऊन परत बाहेर जाणारी रेषा, ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, हे सगळं कार्टमध्ये पडण्याच्या भीतीशिवाय कळतं. पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परत येता येतं.

बाइकसाठी खरी ठिकाणं मात्र तमिळनाडूत. कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे. लांबी २.१ किलोमीटर, २००३ पासून चालू. रेसिंग गाड्या बांधणारे एस. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांचं नाव या ट्रॅकला दिलेलं आहे. दुसरं ठिकाण चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टई इथलं मद्रास इंटरनॅशनल सर्किट. जुने लोक त्याला अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. लांबी ३.७१७ किलोमीटर, आणि ते १९५३ पासूनच्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं आहे. तिसरं तमिळनाडूबाहेरचं, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर. २०११ ते २०१३ मध्ये तिथे फॉर्म्युला वन झाली.

पहिल्या वेळेला माझं मत सरळ करीच्या बाजूने आहे. छोटी गाडी त्या छोट्या ट्रॅकवर कामाला लागते. बुद्धच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर दीडशे सीसीची गाडी टाकीवर छाती टेकून नुसती पळवत बसावी लागते, त्यात शिकण्यासारखं थोडंच.

तारीख ठरवताना पाऊस बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर झोडपतो, पण चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, परतीच्या मोसमी वाऱ्यांचा. त्यामुळे आपण घरात अडकून पडतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे बऱ्याचदा कोरडा ट्रॅक मिळतो. एप्रिल-मेमध्ये चेन्नईला कातडी सूट घालून उभं राहणं ही शिक्षा आहे. ते महिने सोडून द्या.

गाडी: जी आहे ती

जवळ आर-१५, पल्सर एनएस-२००, जिक्सर, आरसी-२०० किंवा अपाचे असेल तर गाडीचा प्रश्न सुटला. ट्रॅकसाठी म्हणून मोठी गाडी घेण्याचा मोह पहिल्या वर्षात होतो, तेव्हा थांबा. आर-१५ला १८ पीएसच्या आसपास ताकद आहे. तिच्यावर वळणात हळू गेलात तर पुढच्या सरळ पट्ट्यावर ते लगेच कळतं, कारण गेलेला वेग परत आणायला इंजिनात दम नसतो. मोठी गाडी ती चूक झाकते. वळण बिघडलं की रेस पिळून भरून काढता येतं आणि चूक तशीच मुरत जाते. एनएस-२०० किंवा आरसी-३९० चाकणला बनते, सुटे भाग गल्लीत मिळतात. पडल्यावर क्लचची दांडी आणि हँडल आणायला दोनशे किलोमीटर जावं लागत नाही, ही गोष्ट कमी खर्चाच्या हिशेबात फार मोठी आहे.

सेकंडहँड गाडी फक्त ट्रॅकसाठी घेणार असाल तर तिची फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, फुटलेली असली तरी चालेल. चेसिस सरळ हवी. सपाट जमिनीवर मागून खाली बसून बघा, दोन्ही चाकं एका ओळीत दिसतात का. पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) घासलेले, वाकलेले किंवा ऑइल गळणारे नकोत.

पैसा लावायचा क्रम असा: आधी अंग, मग ब्रेक आणि टायर, इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिनाला पहिल्या दोन वर्षांत हात लावायची गरजच नाही.

अंगावर काय

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, डोक्याला घट्ट आणि नवं. सेकंडहँड हेल्मेट कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. एकदा आदळलेलं हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसतं, पण आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो आणि तो पुन्हा काम करत नाही. आयएसआयचा शिक्का कायद्याने लागतोच. ट्रॅकसाठी त्याच्या जोडीला ईसीई २२.०६ हा युरोपातल्या मानकाचा शिक्का असेल तर उत्तम. पट्टा दोन कड्यांतून ओवून बांधायचा असावा. खटकन लावायचं प्लास्टिकचं बक्कल अनेक आयोजक चालवून घेत नाहीत. घातल्यावर मान हलवा. गाल हेल्मेटबरोबर ओढले गेले पाहिजेत.

सूट कातड्याचा. जीन्सवर जॅकेट आणि गुडघ्याला पॅड, हे ट्रॅकवर चालत नाही. एकसंध सूट सगळ्यात चांगला. दोन तुकड्यांचा असेल तर कमरेची चेन पूर्ण गोल फिरणारी हवी, मागे नुसती चार बोटं जोडणारी नको. सेकंडहँड सूट घ्यायला हरकत नाही, मीही तोच घेतला. पण हातात घेऊन उजेडाकडे धरा. शिवण पहिली बघायची ती खांदा, कोपर, नितंब आणि गुडघा या ठिकाणची, कारण घसरताना हेच भाग डांबराला लागतात. शिवण ताणल्यावर दोरे दिसले किंवा टाक्यांमध्ये उजेड दिसला तर सूट परत करा. खरचटलेलं कातडं चालेल, उसवलेली शिवण चालणार नाही. अंगाला तो जरा घट्टच हवा, गाडीवर बसल्याच्या पोझमध्ये बसून बघा. उभं राहिल्यावर चांगला रेसिंग सूट अवघडल्यासारखाच वाटतो.

पाठीचं संरक्षक वेगळं विकत घ्या, लेव्हल २चं. सूटमध्ये आलेला फोमचा तुकडा बहुतेक वेळा कामाचा नसतो. छातीचं मिळालं तर घ्या. हातमोजे मनगटावरून सूटच्या बाहीवर चढणारे, तळहातावर कडक पट्टी असलेले. पडताना माणूस तळहात टेकवतोच. बूट घोट्याच्या वर जाणारे, घोटा दोन्ही बाजूंनी बांधलेला. ट्रेकिंगचे बूट नकोत, नाड्या ब्रेकच्या पॅडलला अडकतात.

काही ट्रेनिंग स्कूल गाडी आणि सूट दोन्ही भाड्याने देतात. सूट तिथून घेऊन बघा आणि दोन-तीन वेळा जाणार हे नक्की झालं की मग आपला घ्या.

गाडीची तयारी, आणि ब्रेकची गोष्ट

पहिल्या ट्रॅक डेच्या तिसऱ्या सत्रात करीच्या मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी मी पुढचा ब्रेक दाबला आणि दांडी थेट हँडलच्या मुठीला येऊन टेकली. गाडी थांबेना. मागचा ब्रेक आणि इंजिनच्या जोरावर सरळ मातीत गेलो, न पडता थांबलो. पॅड नवे होते, डिस्क ठीक होती. पण तीन वर्षांत ब्रेक ऑइल बदललंच नव्हतं, आणि त्याची जबाबदारी माझीच होती.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कंटाळा करणार नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट-४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ अंशांवर येऊ शकते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एवढी उष्णता कधी येत नाही, म्हणून जुनं ऑइल वर्षानुवर्षं चालतं. ट्रॅकवर दर मिनिटाला तीन-चार वेळा जोरात ब्रेक लागतो, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापतो, ऑइल उकळतं आणि पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून दांडी पोकळ जाते. दोनशे-अडीचशे रुपयांच्या बाटलीचा आणि अर्ध्या तासाचा प्रश्न. आदल्या आठवड्यात सील असलेली नवी बाटली आणा, जुनं ऑइल पूर्ण काढा, नवं भरा आणि बुडबुडे यायचे पूर्ण थांबेपर्यंत ब्लीड करा, म्हणजे पाइपातली हवा काढत राहा. शेवटी दांडी दाबून पाच मिनिटं तशीच धरा. हळूहळू आत जात असेल तर कुठे तरी गळती आहे. उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

बाकीची यादी तुमचा मेकॅनिक करेल, पण शेजारी उभं राहून बघा:

ब्रेक पॅडवर निम्म्याहून जास्त माल शिल्लक हवा. रेस सोडली की ती खटकन मागे आली पाहिजे, हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवूनही. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, तपासा: पुढचं चाक उचलून हँडल हलवल्यावर मध्ये अडकायला नको, फोर्क पुढे-मागे ओढल्यावर टकटक नको. चाकांच्या बेअरिंगमध्ये प्ले नको. चेन पुस्तकात दिलीय तेवढी सैल, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल असते. घट्ट जागी पुस्तकातला आकडा आला पाहिजे. इंजिन ऑइल ताजं, ड्रेन बोल्ट घट्ट. काही ठिकाणी हा बोल्ट तारेने बांधून मागतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरायला अनेक आयोजक सांगतात. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं तर साबण सांडल्यासारखं होतं आणि मागून येणारे पाचजण पडतात.

टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालातला ३५वा आठवडा. चार-पाच वर्षांपूर्वीचा टायर नक्षी शिल्लक असली तरी वापरू नका, रबर कडक झालेलं असतं. छोट्या गाडीला रेसिंग स्लिकची (बिननक्षीच्या टायरची) गरज नाही, चांगले रस्त्याचे मऊ टायर पुरतात. हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवून सुरू करा. स्वतःचा हवा मोजायचा गेज न्या, पेट्रोल पंपाच्या मीटरवर विसंबू नका. प्रत्येक सत्रानंतर गाडी उभी केल्या केल्या मोजून लिहून ठेवा.

आरसे, नंबर प्लेट, पिशव्या लावायच्या कड्या, लेग गार्ड, मधला स्टँड हे सगळं उतरवा. हेडलाइट आणि इंडिकेटरवर घट्ट टेप लावा, काच फुटली तर ट्रॅकवर सांडू नये म्हणून. स्टिकरचा गोंद राहणार नाही असा रंगाऱ्यांचा निळा टेप घ्या. साइड स्टँड काढता आला नाही तर बांधून टाका.

विमा: हे मुद्दाम वाचा

तुमच्या बाइकच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. आयोजित शर्यत, वेग चाचणी, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांत झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर मोडलेल्या गाडीचा खर्च तुमचा, असं धरूनच चला.

आरोग्य विम्याचं थोडं वेगळं आहे. विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांत साहसी खेळांतली दुखापत वगळणारं कलम ०९ आहे. त्यात मोटर रेसिंगचा उल्लेख आहे आणि ते "व्यावसायिक म्हणून" भाग घेतल्याबद्दल आहे. हौशी माणसाला त्यातून वाट आहे, असं वाचताना वाटतं. पण वाटण्यावर जाऊ नका. आपल्या कंपनीला ईमेल करून ट्रॅक डेबद्दल स्पष्ट विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीचंही विचारा. ट्रॅकवर तुम्ही जोखीम स्वतःची असल्याच्या कागदावर सही करता, तो कागद उभ्याउभ्या सही करू नका, वाचा. घरच्यांना हे सगळं आधी माहीत असू दे. आईवडिलांना किंवा बायकोला दवाखान्यातून फोन करून ट्रॅक डे काय असतो ते समजवायची वेळ येऊ नये.

गाडी तिथे कशी न्यायची

पुण्याहून चेन्नई किंवा कोइंबतूर धरा सुमारे १,२०० किलोमीटर. चालवत जाऊ नका. दोन दिवसांच्या प्रवासाने हात-पाय गळालेले असतात आणि ट्रॅकवर क्लचची दांडी जरी मोडली तरी परत कसं यायचं हा प्रश्न उभा राहतो.

तिघे मिळून पिकअप करणं सगळ्यात बरं. छोट्या हत्तीत दोन गाड्या बसतात, पण एवढ्या लांब मोठा पिकअप घ्या. गाडी चढवल्यावर पुढचं चाक फळीला टेकवा, हँडलच्या खालून दोन्ही बाजूंना रॅचेट बेल्ट लावून पुढचे शॉक अर्धे दबतील एवढं ओढा, मागून दोन बेल्ट. साइड स्टँडवर उभी करून बांधू नका. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून बेल्ट पुन्हा ओढा, ते हमखास सैल झालेले असतात.

रेल्वेनेही पाठवता येते. कुर्ल्याहून पुणे-सोलापूरमार्गे कोइंबतूरला गाडी आहे. पार्सलला टाकी रिकामी लागते, आरसी बुक आणि ओळखपत्राची प्रत लागते, गोणपाटात बांधावी लागते. स्वस्त पडतं, पण गाडी तुमच्याच ट्रेनने पोचेल असं धरू नका. दोन-तीन दिवस आधी पाठवा.

माझ्या वहीतला हिशेब

पहिल्या करीच्या खेपेला मी असं लिहिलं होतं. ट्रॅकची फी ९,०००. पिकअप, डिझेल, टोल तिघांत वाटून माझ्या वाट्याला १३,५००. लॉज आणि जेवण ३,२००. ऑइल, पॅड, टेप, चेनचा स्प्रे ३,४००. पेट्रोल १,०००. एकूण ३०,१००. अंगावरचं सामान वेगळं: सेकंडहँड सूट १६,०००, बूट ८,५००, हातमोजे ४,२००, पाठीचं ३,५००. हेल्मेट होतं. ब्रेकचं ऑइल त्या ३,४०० मध्ये नव्हतं, इंजिनाचंच होतं, आणि तेच अंगाशी आलं.

आकडे तुमचे वेगळे येतील, पण प्रमाण बघा. सगळ्यात मोठा खर्च प्रवासाचा आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या माणसाने हा हिशेब उलटा करून बघावा: गाडी आणि सूट भाड्याने देणाऱ्या शाळेत नाव घालून, स्लीपरचं तिकीट काढून, हातात फक्त हेल्मेट घेऊन गेलं तर किती पडेल? बऱ्याचदा तेवढ्यातच भागतं, शिवाय शिकवायला प्रशिक्षक मिळतो. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पहिली खेप मी तशीच केली असती.

एक ओळ वहीत आणखी घाला: पडण्याचे पैसे. दांडी, फूटरेस्ट, हँडल, इंडिकेटर एवढ्याचे पैसे बाजूला ठेवूनच निघा. ते नसतील तर अजून दोन महिने थांबा.

तो दिवस

आदल्या रात्री लवकर झोपा. सकाळी सातच्या आत पोचा, कारण कागदपत्रं आणि गाडीची तपासणी यांत वेळ जातो. तपासणीवाला तुमचं चाक हलवेल, रेस पिळून सोडेल, दांडी दाबेल. त्याने काही काढलं तर वाद घालू नका, तो तुमचाच जीव वाचवतोय.

ब्रीफिंगला पुढे बसा. झेंडे पाठ हवेत. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल: सत्र थांबलं, हळू येत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत, या. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, तुम्ही आपली रेषा धरून चला, बाजूला उडी मारू नका, मागचा बघून घेईल. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. काळा: तुम्हालाच पिटमध्ये बोलावलंय. काळ्यावर नारिंगी गोल: तुमच्या गाडीत काही बिघडलंय, लगेच बाजूला. चौकटीचा: सत्र संपलं. हिरवा: मोकळं.

गट निवडताना स्वतःला सगळ्यात नवख्या गटात घाला, रस्त्यावर दहा वर्षं चालवत असलात तरी.

पहिल्या सत्रात गियर कमी बदला, ब्रेक हलका, आणि फक्त ट्रॅक पाठ करा. प्रत्येक वळणाला तीन खुणा ठरवा: ब्रेक कुठे, गाडी आत कुठे टाकायची, आतली कड कुठे शिवायची. खूण हलणारी नको. झेंडेवाल्याची खुर्ची उचलून नेतात. डांबरावरचा जुना ठिगळ किंवा रंगवलेली कड जागची हलत नाही. दुसऱ्या सत्रात नजरेवर काम करा. वळणात शिरण्याआधीच नजर आतल्या कडेवर, आणि ती गाठायच्या आधी नजर बाहेर पडायच्या जागेवर. गाडी तुम्ही बघता तिथे जाते. घाबरून मातीकडे बघितलं की मातीतच जाते, हे मी दोनदा अनुभवलंय.

तिसऱ्यापासून ब्रेक. गाडी सरळ उभी असताना जोरात, पण दांडी झटक्याने नाही, पिळत पिळत. पुढचं वजन बसू दे, मग दाब वाढवा, आणि आत टाकताना हळूहळू सोडा. वळणात शिरलं की रेस एकदम बंद ठेवू नका, किंचित उघडी ठेवून सावकाश वाढवत न्या. आतली कड लवकर शिवण्याची सगळ्या नवख्यांना घाई असते, आणि मग बाहेर पडताना रस्ता संपतो. थोडं थांबून, उशिरा आत या. त्याने वेगही चांगला मिळतो आणि बाहेर जागाही उरते.

गुडघा टेकवायचा नाद सोडा. पायाच्या चवड्यावर उभं राहिल्यासारखं फूटरेस्टवर वजन घ्या, बाहेरचा गुडघा टाकीला घट्ट दाबा, हात सैल ठेवा. कोपरं पंखासारखी हलवता आली पाहिजेत. हात ताठ झाले की तुम्ही थकलात किंवा घाबरलात, दोन्हींत उत्तर एकच: हात वर करून पिटमध्ये या.

दुपारी जेवण हलकं. तिकडे दहीभात सगळीकडे मिळतो, त्याच्याइतकं पोटाला बरं काही नाही. तहान नसली तरी प्रत्येक सत्रानंतर अर्धा लिटर पाणी, मधूनमधून ओआरएस. शेवटच्या सत्रात माणूस थकलेला आणि आत्मविश्वासाने भरलेला असतो. ही जोडी धोक्याची. मी शेवटचं सत्र निम्म्या वेगाने चालवतो किंवा सोडून देतो. पैसे वसूल करायला म्हणून फिरू नका.

पडलात तर गाडी सोडून द्या, तिला धरून ठेवू नका. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न नको. थांबल्यासारखं वाटतं तेव्हाही शरीर वेगातच असतं. मग आधी मागून येणाऱ्यांकडे बघा आणि कठड्यामागे जा. गाडी उचलायला झेंडेवाले आहेत. डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरला दाखवा आणि त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसू नका.

पुढे

तीन-चार ट्रॅक डे झाले आणि शर्यतीची ओढ लागली तर एफएमएससीआयचं लायसन काढा आणि एकाच कंपनीच्या सारख्या गाड्यांच्या शर्यतींकडे बघा. टीव्हीएसची वन मेक शर्यत त्यातली जुनी. तिथे गाडी कंपनीची असते, निवड चाचणीतून होते. त्यामुळे स्वतःची रेसिंग बाइक बांधायचा खर्च वाचतो. कारच्या बाजूलाही वाट बंद नाही. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये सलून (रस्त्यावरच्यासारख्या बंद कारच्या) गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, देशात कार रेसिंगचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

परत आल्यावर दोन दिवसांत हे करून टाका: रेडिएटरमधलं पाणी काढून कूलंट भरा, नाहीतर आतून गंज धरतो. इंजिन ऑइल काळं पडलं असेल तर बदला. ब्रेक पॅड काढून बघा, कड झिजून एका बाजूला जास्त गेली असेल तर कॅलिपरची पिन अडकतेय. टायरची हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा. आरसे आणि नंबर प्लेट बसवा. आणि त्या दिवशीचे हवेचे आकडे, कुठल्या वळणात काय चुकलं, कोणत्या सत्रात हात भरून आले, हे त्याच आठवड्यात वहीत लिहा. पुढच्या खेपेची फी भरण्याआधी ती वही उघडून बसा.